तिथं लिही

सुमित्राअक्कांना फोन करून काही विचारलं की त्या उत्तर द्यायच्या नाहीत. इकडे एम्ब्रॉयडरीचं मशीन अडून बसलेलं, भाऊशेठ डोक्यावर उभे, गिऱ्हाईक ब्लाउज न्यायला वाटेत, आणि अक्का शांतपणे म्हणायच्या, "तिथं लिही. मी तिथंच उत्तर देते." फोन बंद. असा संताप यायचा की वाटे, फोन भिंतीवर आपटावा. पण फोन माझाच होता.

'तिथं' म्हणजे इंटरनेटवरचं एक पान. मशीनला नक्षी शिकवणारा जो फुकटचा प्रोग्रॅम आम्ही वापरायचो, तो वापरणारी आणि घडवणारी माणसं तिथे एकमेकांना प्रश्न विचारत. कोण कुठलं, काही पत्ता नाही. अक्का धारवाडच्या एका कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेल्या. नवनगरात एकट्या राहायच्या आणि या न पाहिलेल्या माणसांबरोबर तो प्रोग्रॅम सुधारत बसायच्या. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पगार देत नव्हतं.

आमचं दुकान दुर्गदबैलच्या बाजारातल्या एका गल्लीत. मी परभणीकडची. नववीत शाळा सुटली, लग्न होऊन इथं आले, कन्नडचा एक शब्द येत नव्हता. भाऊशेठचं घराणं मूळचं सांगलीकडचं, घरात मराठी, म्हणून त्यांनी मला मशीनवर बसवून घेतलं. त्याचे उपकार मी अजून विसरले नाही. पण हे काम गेलं तर या गावात आपल्याला दुसरं काय येतंय, ही धास्ती रोज माझ्याबरोबर दुकान उघडायला यायची.

एकदा शेठचा विकतचा प्रोग्रॅम नव्या कॉम्प्युटरवर उघडेना, आणि विकणारा फोन उचलेना. त्याच आठवड्यात अक्का साडीला फॉल लावून घ्यायला आल्या. टांगलेला एक ब्लाउज त्यांनी उचलला आणि सगळ्यात आधी उलटा केला. ही त्यांची दुसरी खोड. बसमध्ये अनोळखी बाईचाही पदर उलटून बघायच्या. मला शेजारी बसायची लाज वाटे. म्हणायच्या, "सुलटी बाजू सगळेच नटवतात. कसं केलंय ते उलट्या बाजूला कळतं." आमची अडचण ऐकून त्यांनी तो फुकटचा प्रोग्रॅम बसवून दिला. "याची उलटी बाजू कुणीही उघडून बघावी. चुकलं दिसलं तर सुधारावं."

त्या गेल्यावर शेठ म्हणाले, "फुकट देतीये म्हणजे काहीतरी गोम असणार."

गोम होतीच. ती माझ्या वाट्याला आली.

एका दुपारी मशीन पहिला रंग संपल्यावर थांबलं ते थांबलंच. नशिबानं अक्का दुकानातच स्टुलावर चहा पीत होत्या.

"अक्का, हे बघा की, पुढं जाईना."

"तिथं लिही."

"अहो, तुम्ही इथंच बसलाय!"

"मी इथं बसलेय ते तुला दिसतंय. बाकीच्यांना कुठं दिसतंय? तुला अडलं ते उद्या आणखी कुणाला अडेल."

"मला नाही येत लिहायला. लोक हसतील."

"हसू देत. हसायला तरी वाचावं लागेल."

मी दात-ओठ खात लिहिलं : मशीन चालत नाही. समोर बसलेल्या बाईनं चष्मा लावला, मोबाइल काढला आणि तिथं उत्तर टाकलं : काय केलंत? काय व्हायला पाहिजे होतं? काय झालं? तिथं मला 'अहो', आणि इथं तोंडानं, "नोड गं, बघ, फोनवरचं उत्तर एकाच कानात राहतं. आणि तोही कान तुझा!"

रडकुंडीला येऊन मी सगळं क्रमानं लिहिलं, अशुद्ध जसं येतं तसं. मग त्यांनी रंगबदलाची सेटिंग सांगितली. मशीन चाललं. त्यांचा चहा संपला होता, माझा निवला होता.

खरा भडका उडाला तो कसुतीवरून. कसुती हा इकडचा कशिदा : गोपुरं, रथ, तुळशीवृंदावनं. त्यात गाठ नसते. धागा जातो तसाच परत येतो, दोन्ही बाजू सारख्या दिसतात. आमचं मशीन मात्र उड्या मारायचं, मागे धाग्यांचं जंजाळ. अक्कांनी खटपट करून प्रोग्रॅमला ती परतीची वाट शिकवली. पहिला ब्लाउज उलटून बघितला आणि घडी घालून ठेवला, म्हणजे पसंत.

शेठ हात जोडून म्हणाले, "अक्का, हे आपल्या दुकानापुरतंच ठेवा. म्हणाल ते देतो."

"कुलूप पेटीला लावा, शेठ. टाक्याला कसलं कुलूप? आज्यांनी एकमेकींचं उलटून बघितलं म्हणून तर हा टाका तुमच्यापर्यंत आला."

त्याच दिवशी त्यांनी ते सगळ्यांसाठी मोकळं केलं. थोड्याच दिवसांत समोरच्या दुकानात इराप्पाअण्णांच्या मशीनवरही गोपुरं उगवली. शेठ माझ्यावर उखडले. "तुझ्या अक्कानं माझं गिऱ्हाईक समोर धाडलं! आता हे हातातलं लग्नाच्या ब्लाउजांचं काम बिघडलं तर तूही तिकडंच जा."

आणि काम बिघडलं. रेशमावर कोपऱ्याकोपऱ्यात चुण्या पडायला लागल्या. अक्कांना फोन करण्यात अर्थ नव्हता. रागारागानं सरळ तिथंच लिहिलं. उत्तर आलं ते कन्नडमध्ये, एव्हाना मला तेवढं वाचता यायला लागलं होतं : नक्षी कडेपासून घेऊ नका, मधून बाहेर न्या. लिहिणारे इराप्पाअण्णा. गल्लीपलीकडून रोज माझं तोंड बघणारा माणूस! अक्कांनी लगेच ते प्रोग्रॅममध्येच घालून टाकलं. लग्नाचं काम वेळेवर गेलं. शेठनी समोर एक चहा पाठवला. स्वतः नाही गेले. मशीनपुढचं माझं स्टूल राहिलं.

गेल्या वर्षी अक्का आजारी असल्याचं कळलं. फोन केला, बऱ्या आहात का म्हणून विचारलं. 'तिथं लिही' म्हणतील असं वाटून मी हसायच्या तयारीत होते. त्या म्हणाल्या, "एवढं एक उत्तर फोनवर देते. बरी नाही गं मी."

त्या गेल्यानंतर दुकानात कॉम्प्युटर पुन्हा बदलला, आणि मशीन पहिल्या रंगानंतर थांबलं. शेठ डोक्यावर उभे. माझा हात सवयीनं फोनकडे गेला. मग 'तिथं' शोधलं. सापडला तो माझाच जुना प्रश्न, त्या सगळ्या चुकांसकट. खाली अक्कांचं उत्तर. त्याच्याखाली कुणाकुणाचे आभार, त्यातलं एकही नाव ओळखीचं नाही. सेटिंग बदलली, मशीन चाललं.

सगळ्यात खाली कालच कुणा बाईनं लिहिलं होतं : मशीन चालत नाही.

मी पदराला हात पुसले आणि लिहिलं : काय केलंत? काय व्हायला पाहिजे होतं? काय झालं?

ती बाई या क्षणी मला काय काय म्हणत असेल, ते मला शब्दन् शब्द माहीत आहे.