आवाज बंद करून बघा

कोपऱ्यावर लोकांनी फुगेवाल्याला घेरलं होतं. सगळ्यांच्या मोबाइलवर एकच व्हिडिओ आला होता. त्यात एक माणूस रडणाऱ्या मुलाला उचलून पळत होता आणि मागून कुणीतरी ओरडत होतं, "मुलं पळवणारा हाच!" शिवणकाम करणाऱ्या वहिनींचा धाकटा दीरच फुगेवाल्याची कॉलर धरून उभा होता.

वहिनी मशीन सोडून गर्दीत घुसल्या.

"वहिनी, तुम्ही मध्ये पडू नका!"

"नाही पडत. पण भाऊजी, आधी आवाज बंद करून बघा."

दिराने चिडून का होईना, बघितलं. मुलाने त्या माणसाच्या गळ्याला घट्ट मिठी मारली होती. मुलाच्या गुडघ्यातून रक्त वाहत होतं आणि एक बाई पुढे धावत दवाखान्याचं दार उघडत होती.

"आता सांगा, पळवतोय की दवाखान्यात नेतोय? आणि चेहरा तरी ह्या फुगेवाल्याचा आहे का?"

दिराने मान खाली घालून कॉलर सोडली. ज्यांना व्हिडिओ पाठवला होता, त्या सगळ्यांना खरं काय ते सांगायला त्याने तिथूनच फोन लावले. लोक वहिनींचं तोंड भरून कौतुक करत होते. त्या मात्र फुगेवाल्याला पाणी देऊन परत मशीनवर बसल्या.