तळ्याकाठी बोलायचं नसतं

दयारामसर गेल्याचा फोन आला तेव्हा मी तामसी गावच्या माझ्या शेतात कापूस वेचणाऱ्या बायांशी हुज्जत घालत होतो. फोन नागपूरहून, त्यांच्या जावयाचा. "काका, बाबा गेले. ऑपरेशन झालं, पन शुद्धीवर आलेच नाई." मी त्या बिचाऱ्यावरच ओरडलो, "कशाचं ऑपरेशन?" सर चार दिवस लेकीकडे राहायला गेलेत, एवढंच मला माहीत होतं. एकोणीस वर्षं ज्या माणसाबरोबर मी डोंगर चढलो-उतरलो, त्याच्या पोटात गाठ होती हे मला तो गेल्यावर कळलं. मी तिथेच बांधावर बसलो... बायांनी त्या दिवशी किती कापूस वेचला, मला आठवत नाही.

आमची ओळख नार्नूरच्या मंडल कचेरीतली, म्हणजे तहसिलीतली. मी तिथे कारकून, सर जवळच्याच गावी मराठी शाळेवर. एका शनिवारी ते पहाणीची, म्हणजे सातबाऱ्याची, नक्कल मागायला आले ते हातात गळ लावलेली बांबूची लांब काठी घेऊनच. मी सवयीने म्हटलं, उद्या या. लोक यावर चिडतात, सर खुलले. म्हणाले, "उद्या काऊन, सोमवारी द्या. आज तळ्यावर ऊन चांगलं पडून राह्यलं." असा अर्जदार मी नोकरीत दुसरा पाहिला नाही. पुढच्या रविवारी मी त्यांच्या मागे डोंगर चढत होतो.

तो तलाव डोंगरात आहे. बसमधून उतरलं की दीड तास सागाच्या जंगलातून पायवाट. वाटेत गोंडांची एक वस्ती, तिथल्या मुखियाला, पटेलाला, रामराम करून, लोटाभर पाणी पिऊन पुढे जायचं. सर वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे, तीन महिने गळाला हात लावत नसत; त्या दिवसांत संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन असे आणि वाचणारे तेच. आश्विन पौर्णिमा झाली, म्हणजे आमची कोजागिरी, की दुसऱ्या दिवशी पहिल्या बसला काठी घेऊन हजर. मी चिडवायचो, "सर, पंचशील म्हनता आन मासे बी धरता?" ते हसायचे. "म्हून तर मले मासा लागत नाई." त्या दिवसांत तलाव काठोकाठ भरलेला, पाणी निवळलेलं, वाटेवर सीताफळं पिकून फुटलेली. मी अर्धा सीताफळांसाठीच जायचो, हे आता कबूल करायला हरकत नाही.

सरांचा नियम एकच. तळ्याकाठी बोलायचं नाही. त्यांचा वर्ग म्हणजे बाजार असायचा, पोरं बाकांवर उभी राहून कविता म्हणायची, पण पाण्याजवळ त्यांना माझं खोकणंही खपत नसे. दोघांनी पन्नास पावलांवर बसायचं, गळाच्या दोऱ्याला बांधलेल्या, पाण्यावर तरंगणाऱ्या जोंधळ्याच्या धांड्याच्या तुकड्याकडे बघायचं आणि गप्प राहायचं. मी जन्माचा बडबड्या. कचेरीत दिवसभर लोकांची डोकी खाणारा. मी तोंड उघडलं रे उघडलं की तिकडून त्यांचं बोट ओठावर आणि "श्श!" घरी बायकोला जे साधलं नाही ते या माणसाने साधलं.

यंदाही कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. चढताना सर दोनदा थांबले. मी म्हटलं, म्हातारे झाले तुम्ही. तासाभराने ते आपली जागा सोडून माझ्या शेजारी येऊन बसले. असं ते कधी करत नसत. मला तेव्हाच काही कळायला हवं होतं. हळूच म्हणाले, "भाऊ, एक गोष्ट सांगाची होती तुमाले..."

नेमका तेव्हाच माझा धांडा तिरपा झाला. मी ओठावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "श्श!"

एकोणीस वर्षांचा सूड उगवल्यासारखा मी मनात खूश झालो. तेही तोंड मिटून हसले. मग धांडा गडप झाला आणि काठी वाकली. मरळ होती, चांगली दीड हात लांब, माझ्या आयुष्यातली पहिली मोठी. मी नुसताच ओरडत होतो. सरच गुडघाभर पाण्यात उतरले आणि कल्ल्यात बोटं घालून त्यांनी ती वर आणली. बऱ्याच वेळाने मला आठवलं, तसं विचारलं, "काय सांगत होते?" ते म्हणाले, "काई नाई. आज तुमचा दिवस हाय." उतरताना त्यांनी आपली काठी माझ्याकडे दिली. पुढे बसमध्ये दोन तास होते, तेव्हा सांगता आलं असतं. पण दोन तास मी मरळच सांगत होतो, आणि तीही कोणाला, तर ज्याने ती हाताने बाहेर काढली त्याच माणसाला.

जलदानविधी झाल्यावर सरांच्या बायकोने, सुशीलावहिनींनी, मला बाजूला बसवलं. "त्या दिवशी तुमाले सांगालेच गेलते ते," त्या म्हणाल्या. "आल्यावर मी इचारलं, सांगतलं का भाऊले? तं म्हने, नाई. भाऊले मरळ लागली. एवढा खूश मानूस, त्याले कसं सांगू?" मला शरम वाटली, आणि खरं सांगतो, सरांचा रागही आला. सांगितलं असतं तर मी नागपूरला गेलो असतो. निदान त्या खाटेजवळ बसलो असतो... काही बोललो नसतो, पण बसलो असतो.

मग वहिनी म्हणाल्या, "मले ते तळं दाखवा." साठीची बाई, गुडघे दुखरे, पण थांबत थांबत चढली. गेल्या रविवारची गोष्ट. सर बसत त्या खडकावर मी त्यांना बसवलं आणि शेजारी गळ टाकला. पदराने घाम पुसत त्यांनी पाणी पाहिलं. मग बोलायला लागल्या, चांगल्या मोठ्या आवाजात. सर त्यांना पाहायला आले तेव्हा सदऱ्याचं बटण तुटलेलं होतं, ते झाकायला सगळा वेळ छातीवर हात धरून बसले होते. "माही माय म्हने, पोराले छातीचा आजार हाय, पोरगी देऊ नोका..."

इतक्यात धांडा हलला. माझं बोट आपसूक ओठावर गेलं. वहिनी मध्येच थांबल्या.

"काय झालं, भाऊ?"

धांडा पाण्याखाली गेला. मी काठी गवतावर ठेवून दिली.

"काई नाई, वहिनी. तुमी बोला."