काजळीचं बोट

गिरगावातल्या आमच्या वाचनालयात जुन्या पोथ्या सांभाळणारे काका कुणाला 'ये, बस' म्हणत नाहीत. आधी 'हात दाखव' म्हणतात. वाचनालयाच्या अध्यक्षांनाही त्यांनी एकदा वडापावचे हात धुवायला परत पाठवलं होतं. ताडपत्रं गवती चहाच्या तेलाने पुसून पुसून त्यांच्या सदऱ्यालाच तो वास लागलाय. मला त्यांची जरा भीतीच वाटते.

परवा कपाट आवरताना एक सुटं ताडपत्र सापडलं. दोन्ही बाजूंनी कोरं.

"काका, हे टाकून देऊ?"

"टाकतोस काय! आण इकडे."

त्यांनी तेलात कालवलेली काजळी बोटावर घेतली, पानभर चोळली आणि फडक्याने हलकेच पुसली. कुणीतरी कधीकाळी लोखंडी टोकाने ओरखडून लिहिलं होतं. त्या खाचांत काळं तेवढं अडकून राहिलं. बघता बघता गोलगोल अक्षरांच्या ओळी उठल्या.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

"मला काय ठाऊक? कानडी असेल, नाहीतर तेलुगू. मला कुठे वाचता येतं!"

"मग एवढी मेहनत कशाला?"

"वाचणारा येईल रे कधीतरी," समोरच्या पोथीतलं पुढचं पान ओढत ते म्हणाले. "त्याला कोरं दिसायला नको."