जॉबरला हवा असलेला घट्ट आवाज

जॉबर आवाज हाताने ऐकायचा. गिटारीच्या जाड तारेला एक फटका मारायचा आणि लगेच तोच पंजा स्पीकरच्या खोक्यावर ठेवून डोळे मिटायचा, वैद्य नाडी बघतो तसा. आवाजाची मशिनं, म्हणजे अँप्लिफायर, बनवायच्या माझ्या धुळ्याच्या दुकानात बँडवाले आले, मंडपवाले आले, कव्वालीच्या पार्ट्या आल्या. मशीनच्या अंगाला हात लावून तब्येत बघणारा हा एकटाच.

नाव मला ठाऊक होतं, पण मी कधी घेतलं नाही. यंत्रमागाच्या एका कारखान्यात तो जॉबर होता, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करून चालते ठेवणारा. पस्तिशीचा, किडकिडीत, केसांत कायम कापसाची भुकटी. कुवेतला असलेल्या मावसभावाने त्याला हेवी मेटलची एक कॅसेट आणून दिली होती. ती ऐकून याने जळगावच्या एका मोडलेल्या ऑर्केस्ट्रातली जुनी इलेक्ट्रिक गिटार मिळवली. शुक्रवारी माग बंद असायचे. दुपारची नमाज आटोपली की गिटार खांद्यावर टाकून स्वारी माझ्याकडे.

मी चौथीत शाळा सोडलेला माणूस. जे शिकलो ते जळालेली मशिनं उकलून शिकलो. माझ्या मशीनचा बेस असा, की वरात शिंदखेड्याच्या वेशीवर असली तरी आत घरोघर ताटल्या वाजायच्या. हे मी म्हणत नाही, लोक म्हणायचे. त्या मशीनला जॉबरने पहिल्यांदा गिटार लावली, दोन मिनिटं वाजवली आणि म्हणाला, "नाना, मशीनमध्ये दम आहे. पण आवाज ढिला आहे."

राग आला की मी घरच्या बोलीवर जातो. "तू माले शिकाडस का?" म्हटलं आणि प्लग ओढून काढला. त्याने वाद घातला नाही. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तोच, तीच गिटार, तेच गाऱ्हाणं. तिसऱ्या शुक्रवारी मीच म्हटलं, ये बाबा, दाखव तुझा घट्ट आवाज कसा असतो तो.

त्याचं सगळं बोलणं मागावरून; ताणा म्हणजे मागावर ओढून बांधलेले उभे धागे. "ताणा ढिला असला तर कापड निघत नाही नाना, चाळणी निघते. सूर सुरू कोणीही करतो. तो थांबला कुठे ते बघा." उजव्या हाताची कड तारांवर टेकवून तो छेडायचा, त्यामुळे सूर निघता निघताच दाबला जायचा. कॅसेटमध्ये तिथे खट् असा तुकडा पडायचा आणि दोन तुकड्यांमध्ये अगदी कोरी जागा राहायची. माझ्या मशीनवर त्या कोऱ्या जागेत बेस लोळत पडायचा.

सहा महिने आम्ही त्या कोऱ्या जागेच्या मागे होतो. मला वाटायचं आवाज कडक करायचा म्हणजे गेन, मशीनचा आतला जोर, वाढवायचा. वाढवला की नुसता चिखल. शेवटी त्याचं ऐकावं लागलं, हे लिहितानाही मला बरं वाटत नाही. गेन अर्ध्यावर आणला. ज्या भागात आवाज फाटतो त्याच्या आधीच बेस अडवला. तिथला कंडेन्सर काढून लहान टाकला. जाड सूर तसाच आत गेला तर फाटून पसरतो. आधी बारीक करायचा, फाटू द्यायचा, आणि मग बेस शेवटच्या बटणावर हवा तेवढाच परत द्यायचा. मधला सूर कमी करायला मात्र तो तयार नसे. तो काढला तर ड्रमखाली गिटार सापडणार नाही, म्हणायचा. स्पीकरचं खोकं मागून उघडं होतं. ते जाड प्लायने बंद केलं आणि आत सरकी काढलेला कापूस भरला, तेव्हा कुठे स्पीकर ताळ्यावर आला.

एका शुक्रवारी तो तुकडा पडला. खट्, खट्, खट्, आणि मध्ये काही नाही. समोरचा पानवाला हातातलं पान तसंच धरून बघायला आला. जॉबर म्हणाला, "आता ताणा लागला." मी खडूने सगळ्या बटणांवर खुणा केल्या. आयुष्यात मशिनं पुष्कळ केली. कमी करत करत बनवलेलं ते एकच.

खुणा टिकल्या नाहीत. महिन्याभरात तो म्हणाला, नाना, थोडी धार कमी पडते. मी ट्रेबल, म्हणजे बारीक सुरांचं बटण, जरासं वाढवलं. पुन्हा महिन्याने तेच. असं होता होता आवाज पत्रा कापल्यासारखा झाला. पानवाला ओरडायचा, जॉबरभाई, दाढा हलताहेत आमच्या. मीही कुरकुर केली तर म्हणे, "कॅसेटमध्ये असाच आहे." आणि मग एका दुपारी गिटार स्टुलावर ठेवून तो पाणी पीत उभा असताना मशीनने शिट्टी धरली. बारीक, कानात सुई जावी अशी. मी हातातला पाना टाकून धावलो. जॉबर तिच्यापासून दोन हातांवर शांतपणे पाणी पीत होता.

तेव्हा मला कळलं. पंधरा वर्षं मागांच्या खडखडाटात काढलेले कान. बारीक सूर आधी गेले होते, आणि तो ते माझ्या मशीनमध्ये शोधत होता.

त्याच दिवशी सांगायला हवं होतं. जीभ धजली नाही, एवढंच म्हणून मी सुटणार नाही. जळगावला एका हॉलमध्ये वाद्यवृंदांची स्पर्धा होती, आणि जॉबर त्या मोडलेल्या ऑर्केस्ट्रातले दोघं, एक ड्रमवाला आणि एक गाणारा, सोबत घेऊन त्यात उतरणार होता. मशीन माझं. ते माणसांच्या दाढा हलवणार आणि लोक विचारणार, हे कोणाचं. ते मला सोसवेना. स्पर्धेच्या सकाळी मी मशीन उघडलं, ट्रेबलच्या बटणाची तार आतून सोडवली आणि आवाज त्या चांगल्या शुक्रवारच्या खुणेवर कायमचा बांधून टाकला. बटण फिरायचं, पण आवाज जागचा हलायचा नाही. त्याला म्हटलं, मशीन तयार आहे, तू बटणं लावून घे. त्याने न वाजवताच ट्रेबल दहावर नेलं आणि मान हलवली.

हॉलमध्ये आधी वाजवून बघायची सोय नव्हती. एक पार्टी उतरली की दुसरी चढायची. जॉबरने सुरुवात केली आणि मी मागच्या भिंतीला टेकून ऐकलं. असा आवाज जळगावात त्याआधी कोणी ऐकला नसेल. प्रत्येक तुकडा जिथे तुटायचा तिथेच तुटत होता. पुढच्या खुर्च्यांवरचे लोक सरसावून बसले. आणि अर्ध्या गाण्यात जॉबर थांबला.

ड्रमवाला वाजवतच होता. जॉबर मशीनपाशी वाकला, ट्रेबल फिरवलं, पुन्हा फिरवलं, एक तार छेडली, पुन्हा वाकला. मग मला शोधत स्टेजवरूनच म्हणाला, फार मोठ्याने, "नाना, मशीन बंद पडली."

सगळ्या हॉलने तार वाजताना ऐकली होती, ड्रमखाली फक्त त्यालाच आली नव्हती. कोणीतरी हसलं. मग बरेच हसले. जॉबरने त्यांच्या तोंडांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि गिटारीचा पट्टा खांद्यावरून काढला.

बसमध्ये परतताना मी सगळं सांगितलं, कागदावर लिहून, कारण माझं बोलणं त्याला नीट पोचत नव्हतं आणि मला ओरडायचं नव्हतं. त्याने वाचलं. पारोळा गेल्यावर एवढंच म्हणाला, "तुम्ही सांगितलं असतं तर मी घरीच वाजवली असती."

नंतरचे चार शुक्रवार तो आला नाही. मी कोणाच्या दारात चूक कबूल करायला गेलेला माणूस नव्हे, पण पाचव्या आठवड्यात त्याच्या कारखान्यात गेलो. आत चाळीस माग चालू होते. तिथले सगळे एकमेकांच्या ओठांवरून बोलत होते. मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, माझं चुकलं. तुझं म्हणणं मलाच ऐकू आलं नाही. त्याने वाचलं. हातातला माग त्याने थांबवला आणि माझ्या कानाशी येऊन विचारलं, "नाना, त्या दिवशी हॉलमध्ये आवाज कसा होता?"

मी सावकाश, त्याला ओठ दिसतील असं सांगितलं, की घट्ट होता, जसा तुला पाहिजे होता तसाच, रेसभरही कमी नाही. ते खरं होतं. पण एकदा मी त्याच्या बटणाची तार काढली होती, आणि आता माझ्या शब्दाचा भरवसा किती, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्याने माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. मग "बरं" म्हणाला आणि माग सुरू केला.