काटोलचे दोन सोर्स

माझ्या बहिणीचं लग्न मी एका सिनेमापायी मोडत आणलं होतं.

सिनेमा जुना, कृष्णधवल, वर्तमानपत्राच्या कचेरीतला. आजवर मी तो सतरा वेळा पाहिला. (धाकटी बहीण सोनल एकवीस म्हणते.) त्यातला म्हातारा संपादक सांगतो, एकाने सांगितली ती अफवा, दोन सोर्स मिळाले तर बातमी! आणि शेवटी तो स्वतःचीच चूक पहिल्या पानावर छापतो. छपाईयंत्र धडधडायला लागतं आणि माझ्या अंगावर काटा येतो. अजूनही येतो! एवढा मोठा माणूस, पण 'चुकलो' म्हणताना मान ताठ! मी आपला कोराडीच्या वीज केंद्रात स्टोअरकीपर. दिवसभर नटबोल्ट मोजतो, पण आतून पक्का बातमीदार.

सोनलला काटोलचं स्थळ आलं. मुलगा निखिल, संत्र्याच्या व्यापाऱ्याचा. पोरीला इतका पसंत, की ती चक्क गुणगुणायला लागली. पण आमच्याकडे होकाराआधी मुलाच्या गावी जाऊन गुपचूप चौकशी करायची पद्धत.

बाबा म्हणाले, "जाऊन ये गा. अन् डोकं वापरजो."

मी डायरी घेतली, खिशाला दोन पेन लावले आणि काटोलची बस पकडली. स्टँडसमोरच्या चहावाल्याला डोळे बारीक करून विचारलं, "निखिल कसा पोरगा आहे? दारू पेते काय?"

"मले काय माहीत भाऊ! काहून, पेते काय?"

"तेच तर विचारून राहिलो," म्हणून मी गूढ हसलो. (हे हसू सिनेमातलं. आरशासमोर बसवलेलं.)

तासभर हिंडून सलूनमध्ये दाढीला बसलो. सलूनवाला फेस लावता लावता आपणहून म्हणाला, "काय जमाना आला बाप्पा! संत्र्यावाल्याचा निखिल दारू पेते म्हणते!"

पहिला सोर्स! दाढी उरकून फळबाजारात धावलो. तिथे एक अडत्या दुसऱ्याला सांगत होता, "निखिल लय पेते म्हणते बा!" दुसरा सोर्स! मी तिथल्या तिथे डायरीत बातमीखाली दोन रेघा ओढल्या.

घरी येऊन बातमी फोडली. बाबांनी फोनवर नकार कळवला. सोनलचं गुणगुणणं तेवढं थांबलं.

तिसऱ्या दिवशी निखिलचे वडील दारात उभे!

"माह्या पोरानं आजवर सुपारी नाही खाल्ली. मी शोध घेतला. अडत्याले सलूनवाल्यानं सांगितलं, सलूनवाल्याले चहावाल्यानं. अन् चहावाल्याच्या डोक्यात भरवलं एका डायरीवाल्यानं. खिशाले दोन पेन होते म्हणे."

सगळ्यांनी माझ्या खिशाकडे पाहिलं. दोन्ही पेन जागेवर होते!

सोनलचे डोळे भरले होते. "दादा, तुझा तो संपादक अशा वेळी काय करते गा?"

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा काटोलात. चहाची टपरी, सलून, फळबाजार, तिन्ही ठिकाणी उभा राहून खच्चून ओरडलो, "निखिल दारू पीत नाही! आवई मीच उठवली! चुकलो!" पाय लटपटत होते, मान तेवढी ताठ ठेवली. बाजारात कुणीतरी शेजारी येऊन उभं राहिलं. निखिल! त्याने पाण्याची बाटली पुढे केली. ज्याची अब्रू मी वेशीवर टांगली, तोच मला पाणी पाजत होता! खरं सांगतो, सतरा वेळांत आला नव्हता असा काटा अंगावर आला. सिनेमातला संपादकसुद्धा या पोरापुढे लहान वाटला.

लग्न झालं. सोनल मांडवात गुणगुणत होती. मी पंगतीत वाढायला गेलो, तर काटोलकरांनी हातातलं भांडं काढून घेतलं. "राहू द्या भाऊ, पडसान!" एका आजीबाईंनी तर जबरदस्तीने लिंबूपाणी पाजलं.

मी निखिलला बाजूला घेतलं. "ही काय भानगड आहे?"

तो संकोचून म्हणाला, "दादा, तुम्ही भरबाजारात लटपटत ओरडले ना... नवरीचा भाऊ दिवसाढवळ्या पेते, असं गावात म्हणून राहिले."

"कोण म्हणते?"

"चहावाला. अन् सलूनवाला."

मी आजीबाईंकडे आणखी एक लिंबूपाणी मागितलं. दोन सोर्स होते!