क्लासेसच्या गल्लीत वाजलेला व्हिडिओ गेम

मंडळी, आमच्या लातूरच्या क्लासेसच्या गल्लीत कुकरसुद्धा पोरांची टेस्ट बघून शिट्टी देतो. अशा गल्लीत आज दुपारी मी माळ्यावरचा जुना व्हिडिओ गेम टीव्हीला लावला. कॅसेटला फुंकर मारली आणि ती टुणटुणती धून घरभर नाचायला लागली.

लगेच दार वाजलं. मुलीच्या 'नीट' परीक्षेसाठी किल्लारीहून येऊन वरच्या खोलीत राहणाऱ्या ताई दारात.

"बंद करतो ताई," मी म्हणालो.

"बंद कशाला? वाढवा की भाऊ!" त्या आत येऊन बसल्या. "भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडात होतो. भांडं पडलं तरी समदे बाहेर पळायचे. शेजारच्यांच्या मामानं हैदराबादहून असला गेम आणला. ह्या आवाजाला कुणीच पळालं न्हाई."

मग वरच्या खोलीकडं बोट दाखवत म्हणाल्या, "पोरगी टेस्टच्या भीतीनं सकाळपासून जेवली न्हाई."

आणि जिन्यात जाऊन हाक मारली, "सोने, खाली ये! पुस्तक ठेव, ताट आण!"

पोरगी गेममधल्या पहिल्याच खड्ड्यात पडली, खळखळून हसली आणि खेळता खेळता तिनं भाकरी संपवली.

पोरांना शांतता हवी, हे आम्ही गल्लीनं परस्पर ठरवून टाकलंय. तुमच्या घरात कुणाचा जीव कोणत्या आवाजानं थाऱ्यावर येतो, कधी विचारलंय?