वाळूचे नऊ गोल

हरिदास थूल यांनी एकोणतीस वर्षं गोल्फच्या मैदानावर काम केलं, पण खेळायची काठी एकदाही हातात धरली नाही. त्यांचं काम मैदान राखायचं. वर्ध्याहून आर्वीकडे जाताना एका कारखान्याची वसाहत लागते. तिच्या मागे साहेब लोकांसाठी केलेलं नऊ भोकांचं मैदान होतं.

गोल्फमध्ये चेंडू शेवटी ज्या भोकात घालायचा, त्याच्याभोवती बारीक कापलेल्या गवताचा गोल असतो. त्याला ग्रीन म्हणतात. इथल्या उन्हाळ्यात तसलं गवत जगवायला पाणी कुठून आणणार? म्हणून गवताच्या जागी वाळू. धाम नदीच्या पात्रातली वाळू दोनदा चाळायची, तिच्यात गॅरेजमधलं जळकं तेल कालवायचं, पसरून रोलर फिरवायचा आणि वरून जड पोतं ओढायचं. मग चेंडू त्यावर सरळ पळतो. ग्रीनच्या जागी आलेल्या या काळपट गोलाला सगळे ब्राऊन म्हणत. असे नऊ ब्राऊन.

चाळणं, कालवणं आणि रोलर हरिदास यांच्याकडे. पोतं ओढायचं काम सुलोचनाबाईंचं. त्या त्यांच्या पत्नी, तिथंच रोजंदारीवर. भोकापाशी उभं राहून गोल गोल फिरत बाहेर यायचं. मागचं पोतं आपलंच पाऊल पुसत येतं. बाहेर पडल्यावर वाळूत एकही खूण दिसता कामा नये. घाई केली की पोतं उडतं आणि वाळूवर लाटा उठतात. नव्या माणसाला हे जमायला वर्ष जातं. सुलोचनाबाईंच्या ब्राऊनवर हरिदास यांना कधी लाट दिसली नाही. तसं त्यांनी त्यांना कधी सांगितलंही नाही.

कारखाना बंद पडला, साहेब गेले. तरी दर सोमवारी दोघं मैदानावर जात.

"आता कोनासाठी ओढतं व?" हरिदास विचारत.

"वारा सुटला ना. सारी वाळू उडून जाईन."

दोन वर्षांपूर्वी सुलोचनाबाईंच्या छातीत पाणी झालं. अकरा दिवस दवाखान्यात होत्या. बाराव्या दिवशी बोरगाव मेघेच्या घरी परत आले ते एकटे हरिदास. त्यानंतर ते मैदानाकडे फिरकले नाहीत.

त्यांची मुलगी नंदिनी वर्ध्याला कॉलेजात भूगोल शिकवते. इंटरनेटवर एक नकाशा आहे, जो कोणीही भरू शकतो. रस्ते, विहिरी, हातपंप, ज्याला जे माहीत ते तो टाकतो. नंदिनी सुट्टीच्या दिवशी हे करत असे. एका रविवारी वडिलांना बरं वाटेल म्हणून तिनं लॅपटॉपवर मैदान काढून दाखवलं. परदेशात बसलेल्या कोण्या माणसानं उपग्रहाचा फोटो पाहून ते नकाशावर टाकलं होतं.

हरिदास यांनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं.

"हे पिवळे गोल कायचे?"

"बंकर, बाबा. वाळूचे खड्डे." बोलता बोलता नकाशातली चूक तिच्याच लक्षात आली.

बंकर म्हणजे चेंडू अडकावा म्हणून मुद्दाम खणलेला खड्डा. खेळणारा त्याला शिव्या घालतो. त्या माणसानं नऊच्या नऊ ब्राऊन खड्डे म्हणून लावले होते.

"खड्डे?" हरिदास म्हणाले. "तुह्या मायनं एकोणतीस वर्षं खड्डे सारवले का?"

"त्याले काय माहीत, बाबा. त्याच्याकडं गवत असते."

"माहीत नाई तं काऊन लिहाव?"

"बदलवता येते. पन जागेवर जाऊन मोजाव लागीन."

"मंग उद्या जाऊ."

सोमवारी नंदिनीला कॉलेज होतं. गेले पुढच्या रविवारी. नंदिनीनं मोबाइल काढला आणि पहिल्या ब्राऊनच्या कडेनं चालत निघाली. हरिदास यांनी विचारलं, याचं माप किती चुकतं? तीन-चार मीटर, ती म्हणाली.

"पुरा ब्राऊन दहा मीटरचा. त्यात चार मीटर चुकलं तं राह्यलं काय?"

त्यांनी स्वतः पावलांनी मोजलं. पहिला ब्राऊन चौदा पावलांचा, हे त्यांना पाठ होतं. भरला सतरा. त्यांनी पुन्हा मोजलं. पुन्हा सतरा.

"कड पसरली," ते म्हणाले.

कड जिथल्या तिथं होती, विटांच्या ओळीत. हरिदास यांनी विटा पाहिल्या, मग आपल्या पायांकडे पाहिलं. "दोर आन," म्हणाले.

पुढचे पाच रविवार दोघांनी दोर धरला. चेंडू मारायच्या जागी सिमेंटचे ठोकळे होते. ते फोटोतही स्पष्ट दिसत, म्हणून प्रत्येक माप तिथून घेतलं. दोर सैल पडला की हरिदास पुन्हा घ्यायला लावत. तिसऱ्या रविवारी नंदिनी कंटाळली.

"बाबा, कोन पाहाले येनार आहे?"

"मी पाहीन ना."

चौथ्या ब्राऊनपाशी ते थांबले. नऊंपैकी हाच एक नीट गोल नव्हता. पूर्वेची कड हातभर आत दबली होती. तिथं दर उन्हाळ्यात टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालायची आणि सुलोचनाबाई तेवढी जागा सोडून पोतं वळवायच्या. हरिदास यांनी पहिल्या वर्षी त्यांना झापलं होतं. गोल म्हणजे गोल. त्या म्हणाल्या होत्या, "तिले सांगा मंग." हळूहळू तिथं वाळूच टाकेनासे झाले. साहेबांनाही सवय झाली.

"हे आलं पाहिजे," हरिदास म्हणाले.

नंदिनीनं त्या एका कडेवर अकरा बिंदू घेतले. घरी येऊन तिनं चौथा ब्राऊन काढला, तेव्हा हरिदास तिच्या खांद्यामागे उभे होते. कड नीट आत वळली. ते खाली बसले आणि पाणी मागितलं.

परदेशातल्या माणसाला नंदिनीनं सगळं कळवलं. त्याचं उत्तर आलं. तेल घातलेल्या वाळूवर गोल्फ खेळतात हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं माफी मागितली, आणि गोल्फच्या मैदानाचं इतकं काटेकोर मोजमाप आपण क्वचितच पाहिलं असं लिहिलं. हरिदास यांनी ते दोनदा वाचून घेतलं. त्या आठवड्यात त्यांनी घरी आलेल्या प्रत्येकाला नकाशा दाखवला. शेजारचे मधुकरराव म्हणाले, "चांगलं केलं. तेवढं तरी राहीन." हरिदास यांनी मान हलवली. त्यांनाही तेच वाटत होतं.

त्यानंतरच्या रविवारी नवव्या ब्राऊनचं एक माप तपासायला दोघं गेले, तर फाटक उघडं. आत जेसीबी. जमीन विकली गेली होती. चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडले होते. पहिले दोन ब्राऊन निघाले होते.

मशीनवर आर्वीचा रोशन होता, तिशीतला, बोलका. "काका, इथं गोल्फ खेलत होते म्हनते. तुमी खेलत होते का?"

"नाई. आमी खेलू देत होतो."

रोशन हसला. हरिदास हसले नाहीत.

घरी आल्यावर ते म्हणाले, "दोन काढून टाक."

"काऊन? फोटोत दोन वर्षं अजून तसंच दिसीन. कोनी हात नाई लावत."

"तो मानूस इथं न येता लिहून बसला म्हनून आपन त्याले चूक म्हटलं. आता आपन काय करून राह्यलो?"

नंदिनीनं दोन ब्राऊन पुसले.

मग हरिदास रोज सकाळच्या एसटीनं जाऊ लागले. काय निघालं ते पाहायचे, दुपारी फोन करायचे. तिसरा गेला. आठवा, नववा गेला. सातवा. ती पुसत होती. गुरुवारी पाचवा आणि सहावा एकाच दिवशी गेले. शुक्रवारी मशीन चौथ्यापाशी आलं.

"काका, म्हनसान तं हा उद्यावर ठेवतो," रोशन म्हणाला.

"उद्या काय येगळं होनार हाय? चालव."

तेलकट वाळू जाड वड्यांनी निघाली. कापलेल्या कडेला थर दिसत होते. दिवाळीनंतर दरवर्षी एक नवा थर पडायचा. हरिदास मोजू लागले. तेरावर होते तेव्हा बकेट पुन्हा खाली आलं.

त्या दिवशी त्यांनी फोन केला नाही. संध्याकाळी नंदिनी कॉलेजातून थेट घरी आली. ते दाराशी बसले होते.

"चौथा?" तिनं विचारलं.

"गेला."

तिनं लॅपटॉप उघडला. एकच ब्राऊन उरला होता, आत दबलेल्या कडेचा.

"हा राहू द्या, बाबा. एकच तं आहे."

"हाय का तो तिथं?"

"नाई."

"मंग."

"जुनं कुठं जात नाई. नकाशाच्या आतमंदी सारं जमा राह्यते, कोनी काय केलं ते."

"पाह्यनाऱ्याले दिसते का?"

"तसं नाई दिसत."

"मंग नाई दिसत म्हन ना."

नंदिनीनं डोळे पुसले आणि ब्राऊन निवडला. तिचं बोट थांबलं. हरिदास यांनी हात पुढे केला, विचारलं कुठं दाबायचं. तिनं दाखवलं. त्यांनी दाबलं.

"बदल काऊन केला, ते एका ओळीत लिहाव लागते," ती म्हणाली. "काय लिहू?"

रस्त्यावरून कोणीतरी "जयभीम, काका" म्हणून गेलं. हरिदास यांनी हात उचलला.

"लिही, जागेवर जाऊन पाहिलं. आता नाही."

तिनं लिहिलं.

"वाचून दाखव."

तिनं वाचलं.

"बरोबर हाय," हरिदास म्हणाले.